हललेला फोटो

वन्सं, तुम्ही गेल्याचा निरोप साताऱ्याहून आला त्या आठवड्यात तुमच्या भावाने मला विचारलं, "ताईचा एक तरी धड फोटो आहे का गं घरात?" तेराव्याला पाटावर ठेवायला हवा होता. मी ट्रंक उपसली. आमच्या लग्नाच्या फोटोत सगळे ताठ उभे आहेत आणि तुमच्या जागी नुसता धुरकट पट्टा आहे, गजऱ्यासकट. फोटो निघाला त्या क्षणी तुम्ही कुणाला तरी हाक मारायला वळला होतात. धाकट्याच्या बारशाच्या फोटोत तुमचा एक कान आहे. वाईच्या घाटावर सगळ्या मामेबहिणी ओळीने बसल्या आहेत आणि तुम्ही पाण्यात वाकून काहीतरी उचलताय, म्हणजे तुमची फक्त पाठ. ट्रंकेसमोर बसून मला हसू आलं, ते आवरेना, आणि मग ते हसू राहिलं नाही.

तेरावा परवा झाला. पाहुणे पांगले. आता घरात बोलायला कुणी नाही असं नाही, पण भांडायला कुणी नाही. तुम्ही ह्यांच्या थोरल्या बहीण, साताऱ्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या; मी सांगलीत वनस्पतिशास्त्र शिकवणारी तुमची भावजय. नणंद-भावजयीचं पटत नाही असं लोक म्हणतात. आपलंही पटत नव्हतं, फक्त आपण साडीवरून, भांड्यांवरून किंवा सासूबाईंच्या पाटल्यांवरून भांडलो नाही. उसाच्या डोळ्यात, म्हणजे पेरावरच्या कोंबात, जीव आहे हे कशावरून म्हणायचं, यावरून भांडलो. आळीतल्या बायकांना ते कधी सांगता आलं नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षीचा उन्हाळा. पुण्यातल्या कुठल्याशा प्रयोगशाळेने मोडीत काढलेली लेसरची नळी तुम्ही पदरात पाडून घेतलीत आणि सुट्टीला सांगलीला निघालात. एस.टी.त नळी मांडीवर, नळीभोवती गोधडी. कंडक्टर म्हणाला, "बाई, त्वांड तरी उगडं ठिवा की त्येचं, घुसमटंल त्ये." आणि तुम्ही काय केलंत, तर खरोखर गोधडीचं टोक जरा बाजूला केलंत. ही गोष्ट तुम्ही दर वेळी सांगायचात आणि दर वेळी त्या कंडक्टरची बाजू घ्यायचात.

सांगलीलाच का, तर साताऱ्यात तुमच्या खोलीखालून मालट्रक जायचे आणि भिंती थरथरायच्या. शिवाय ह्यांचं कुपवाडला लेथचं वर्कशॉप, हवा तो लोखंडी भाग आयता मिळणार. पण नळी ठेवायला जड, न हलणारी बैठक काही लोखंडाची जमेना. तुमची नजर माझ्या स्वयंपाकघरात फिरली आणि पाट्यावर थांबली. स्कूटरच्या चाकाची ट्यूब अर्धवट फुगवून तिच्यावर माझा पाटा गेला, तो गेलाच. तेव्हापासून मी चटणी वाटायला वरवंटा घेऊन शेजारी जाते. शेजारच्या मावशींना वाटतं आमच्याकडे पाट्याबद्दल काही नवस आहे.

पहिली दुपार मला लख्ख आठवते. बाहेर टळटळीत ऊन आणि मागच्या खोलीत तुम्ही खिडक्यांना घोंगड्या लावून काळोख केलेला. लाल उजेडाचा ठिपका तुम्ही आधी नदीतल्या एका काळ्या खड्यावर सोडलात. हा खडा तुम्ही वाईच्या घाटावर उचलला होतात, त्या पाठ दिसणाऱ्या फोटोत. ठिपका नुसता लाल नव्हता. त्यात रवा सांडल्यासारखे दाणे होते, काही उजळ, काही काळे, सगळे जागच्या जागी. मग खडा काढून तुम्ही उसाची ताजी टिपरी, म्हणजे डोळ्यासकट तोडलेली कांडी, ठेवलीत आणि उजेड तिच्या डोळ्यावर आणलात. तेच दाणे खदखदायला लागले, खीर शिजत आल्यावर खदखदते तसे. मी डोळे चोळले. तुम्ही म्हणालात, "वहिनी, डोळे तुमचे ठीक आहेत. हा जागा आहे."

मी विचारलं, हे होतं कसं? तुम्हाला असं कुणी विचारलं की तुमचा चेहरा खुलायचा. म्हणालात, आपल्या गावचे गडी पलटणीत कवायत करतात ना, तसा हा उजेड. सगळ्या लाटा एका पावलात चालणाऱ्या. खडबडीत जागी आपटून त्या परत येतात तेव्हा पावलं मागेपुढे झालेली असतात. जिथे दोघींचं पाऊल जुळलं तिथे उजळ दाणा, जिथे एकीने दुसरीला खोडा घातला तिथे काळा. दगडात काही हलत नाही, म्हणून दाणे हलत नाहीत. डोळ्याच्या सालीखाली रस फिरतो, पेशींतले कण इकडून तिकडे जातात, त्यामुळे पावलं क्षणाक्षणाला बदलतात आणि दाणेही बदलतात. दाण्यांची ही धावपळ मोजली की आतली धावपळ मोजली.

"आतली धावपळ मोजली," मी म्हटलं, "जीव नाही मोजला. हालचाल म्हणजे जीव नव्हे, वन्सं. पंखा पण हलतो."

तो आपला पहिला वाद. तो कधी मिटला नाही.

मोजायचं कसं, हे मात्र तुम्ही झकास शोधलंत. कॅमेऱ्याची झडप एक सेकंद उघडी ठेवायची. दाणे स्थिर असतील तर फोटोत दाणा न् दाणा दिसणार. ते पळत असतील तर सगळं एकात एक मिसळून गुळगुळीत करडं होणार. म्हणजे फोटो जितका खराब, तितका आत जीव जास्त. हे आपल्याला कळलं, पण फोटो धुणाऱ्या नेमूअण्णांना कोण सांगणार? जैन गल्लीच्या तोंडाशी त्यांचा स्टुडिओ, माणूस कामाला चोख. पहिल्या रिळाचे त्यांनी फक्त दगडाचे फोटो छापून दिले, आणि बाकीचे, म्हणजे नेमके आपल्याला हवे ते, बाजूला ठेवून हळहळत म्हणाले, "बाई, ह्ये समदं हललंया. तिपाई घ्या की एखादी चांगली." तुम्ही त्यांना तिथेच काउंटरवर कवायतीपासून सगळं समजावलंत. त्यांनी ऐकून घेतलं, मान डोलावली, आणि पुढच्या वेळी पाकीट देताना पुन्हा तसंच हळहळत म्हणाले, "ह्ये बी हललंया."

मग त्या पावसाळ्यात कृष्णेचं पाणी तात्यामामांच्या मळ्यात शिरलं आणि ठाण मांडून बसलं. तुमचे हे मामा पलटणीतून सुभेदार होऊन परतलेले. बेण्याचा, म्हणजे लागणीसाठी तोडायचा, ऊस राखावा तर त्यांनीच, असं आसपास बोललं जायचं. पाणी ओसरलं, ऊस उभाच होता. पण बुडून राहिलेल्या उसाचे डोळे आत मेलेले असू शकतात आणि वरून कळत नाही. तुम्ही सहामाहीच्या सुट्टीला सांगलीत आला होतात, तेव्हा मामा चिखलाने भरलेल्या टिपऱ्यांची मोळी घेऊन आमच्या दारात आले. पाणीसुद्धा न पिता म्हणाले, "शके, डोळं जितं हायती का मेल्यात, येवडंच सांग. दसऱ्याला तोड घालनार हाय. भावकीत समद्यास्नी बेणं द्यायचा सबुद दिलाय."

मी म्हटलं, मामा, ओल्या पोत्यात रुजत घालू, दोनेक आठवड्यांत आपोआप कळेल. "सूनबाई, तेवडा येळ कुटला? मेलं असंल तर दुसरीकडनं बेणं बघाय नगो व्हय?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मी तुम्हाला टोमणा मारला, "झालं, पी हळद नि हो गोरी!" तुम्हाला तो लागला नाही. तुम्हाला मोळी दिसत होती.

टिपऱ्या मी स्वच्छ धुतल्या. तुमच्या पाट्यावर चिखल कसा चालेल? खसाखसा धुऊन ताटात मांडून दिल्या. तुम्ही एकेका डोळ्याचा फोटो काढलात. नेमूअण्णा म्हणाले, सगळे हललेत. तुम्ही मामांना निरोप पाठवलात: बेणं जिवंत आहे, खुशाल तोडा.

खंडेनवमीला घरातली अवजारं पुजायची. तुमचा भाऊ वर्कशॉपला पूजा करून आला. घरात मी विळी, कात्री, शिलाईचं मशीन पुजलं. मग वाटलं, वन्संचं अवजार का उपाशी ठेवा? पाट्यावर पाणी शिंपडलं, लेसरच्या पेटीला हळदकुंकू लावलं, आणि तो वाईचा खडा रोज इमानाने कामाला येतो म्हणून त्यालाही कुंकवाचं बोट लावून वर पळीभर पाणी सोडलं, झेंडूचं फूल ठेवलं. तुम्ही अंघोळ करून आलात. काम सुरू करण्याआधी खडा बघायची तुमची सवय. फूल उचललंत, नळी सुरू केलीत, आणि ओरडलात, "वहिनी! अहो, दगड!"

मी हातातलं तसंच टाकून धावले. खड्यावर दाणे खदखदत होते, उसाच्या डोळ्यावर खदखदायचे तसेच. दगडाला पाझर फुटलेला मी डोळ्यांनी बघितला. तुम्ही हसत होतात, वन्सं. टाळ्या वाजवत होतात. चूक सापडली म्हणून इतका आनंद झालेलं दुसरं माणूस मी बघितलेलं नाही. "वाळतंय! पाणी वाळताना हलतंय, तेच दिसतंय!" मग तुमची नजर कोपऱ्यातल्या ताटाकडे गेली, ज्यात मी टिपऱ्या धुऊन मांडायची, आणि तुमचं हसू गेलं. मामांना आपण डोळे जिवंत असल्याचं सांगितलं होतं. प्रत्यक्षात ते फक्त ओले असल्याचं आपल्याला कळलं होतं.

मी म्हटलं, आज सण आहे, उद्या दसरा, परवा सांगू. आणि ते मेलेच आहेत असंही कुठे आहे? तुम्ही पायात चपला घालत होतात. "उद्या बेणं वाटलं जाईल, वहिनी. ज्यांच्या रानात उगवणार नाही त्यांनी कुणाचं नाव घ्यायचं? मामांचंच घेतील." दुपारची एस.टी. आपण दोघींनी पकडली.

मामांच्या ओसरीवर कोयते पुजून ठेवलेले होते, त्यांना झेंडूच्या माळा. भावकीतली माणसं चहाला बसलेली. तुम्ही उंबऱ्यातच उभ्या राहिलात आणि मामांच्या बोलीत शिरलात, तुमच्या आजोळच्या. "मामा, मी सांगितलं त्ये चुकलं. तुमचं बेणं जितं हाय का न्हाई, मला ठावं न्हाई. आज दगुड सुदिक जिता दिसला मला." माणसं हसली. एकजण म्हणाला, "म्हंजी मशीन खोटं बोललं व्हय?" तुम्ही म्हणालात, "मशीन खरंच बोललं, म्या ऐकाय चुकले." मामा हसले नाहीत. कोयत्याकडे बघत म्हणाले, "मी सबुद दिलाय गं, शके. चारचौघात."

"सबुद माझा हुता, मामा. चारचौघातच माघारी घेते."

मी तुमच्या मागे उभी होते. मला तुमचा पाठमोरा अंबाडा दिसत होता आणि तो जराही हलत नव्हता. तुम्हाला इतकं स्थिर मी पहिल्यांदाच बघत होते. मला तेव्हा तुमचा इतका अभिमान वाटला की परतीच्या वाटेवर सांगावं म्हणून मी शब्द जुळवत होते. गाडीत तुम्ही आधीच बोलायला लागलात, ओला दगड वाळायला किती वेळ लागतो ते मोजायला हवं म्हणून, आणि माझं सांगणं राहून गेलं. आज सांगते. मला तुमचा फार अभिमान वाटला.

दसऱ्याला तोड झाली नाही. नव्या टिपऱ्या आल्या. या वेळी तुम्ही खडाही मुद्दाम ओला केलात, टिपऱ्यांबरोबरच पुसलात, आणि सगळं मिळून टोपलीखाली सावलीत ठेवलंत. अधूनमधून खड्यावर उजेड टाकायचा. त्याची खदखद मंद होत होत थांबली की पाणी संपलं असं समजायचं आणि मग उसाकडे वळायचं. "दगड थांबल्यावर जे हलत राहील, ते आपलं," तुम्ही म्हणालात. तेच डोळे फोटो झाल्यावर मी ओल्या पोत्यात रुजत घातले. तुमचं यंत्र आणि माझं पोतं अशी शर्यत लागली. तुमचा निकाल लगेच आला: शेंड्याकडचे डोळे जिवंत, बुडाकडचे गेलेले. मामांनी तेवढ्यावर तोड न घालता माझ्या पोत्याची वाट बघितली, हे मी तुम्हाला पुढे कितीदा ऐकवलं! पोत्यानेही तेच सांगितलं. शेंड्याचं बेणं भावकीत गेलं, उरलेलं त्यांनी वरच्या अंगाच्या गावातून आणलं. मामा बरेच दिवस तुमच्याशी बोलले नाहीत. मग एक दिवस काकवीची बरणी आली, आणि आणणारा म्हणाला, "सुबेदारांनी सांगितलंय, येळंवर आली पोर."

नेमूअण्णांना ओल्या दगडाचा फोटो दाखवून तुम्ही म्हणाला होतात, बघा अण्णा, दगड हलला. त्यांना काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "आमच्यात दगडात बी जीव मानत्यात, पान्यात बी. तुमाला आत्ता कळलं व्हय?" घरी आल्यावर म्हणालात, "अण्णा आणि मी एकाच बाजूचे आहोत, वहिनी. तुम्ही एकट्या पडलात."

एक डोळा मात्र दोघींमध्ये अडकून राहिला. तुमच्या फोटोत तो चांगला गुळगुळीत, जिवंत. माझ्या पोत्यात काही केल्या उगवेना. मी म्हटलं, तुमचा फोटो चुकला. तुम्ही म्हणालात, नाही, तो जिवंतच होता. "जिवंत असणं वेगळं, उगवणं वेगळं. उगवलं नाही म्हणून मेलं कसं म्हणता?" तुम्ही उसाबद्दलच बोलत होतात. मी मात्र तुमच्याकडे बघितलं. चाळिशी ओलांडलेली, एकटी राहणारी बाई, जिच्याबद्दल घरात प्रत्येक सणाला कुणीतरी हळू आवाजात चुकचुकायचं. तुम्हाला माझी नजर कळली. "असं बघू नका," म्हणालात, "टिपरी द्या इकडे." मी टिपरी दिली.

गेल्या सुट्टीत तुम्ही थकल्यासारख्या दिसत होतात. जिना चढताना मधेच थांबायचात आणि विचारलं की काहीतरी आठवत असल्याचा आव आणायचात. त्याच सुट्टीत तुम्ही स्वतःचं बोट पाट्यावर ठेवलंत. मला दोरा आणायला सांगितलंत, बोटाच्या बुडाशी घट्ट बांधायला लावलंत. दाणे मंदावले. दोरा सोडल्याबरोबर उसळले. तुम्ही अशा बघत होतात जसं ते बोट दुसऱ्याच कुणाचं आहे. "रक्त पळतंय बघा, वहिनी. मी नुसती बसले आहे आणि आत केवढी धावाधाव!" दोन फोटो काढले, एक दोऱ्याचा, एक मोकळा. रीळ अण्णांकडे टाकलं. ते आणायच्या आधीच तुमची सुट्टी संपली.

फोटोचं शेवटी असं झालं. तुमच्या कॉलेजच्या ओळखपत्रावर एक छोटा फोटो सापडला, तो घेऊन मी अण्णांकडे गेले. त्यांनी मोठा करून दिला. त्यात तुम्ही समोर बघत ताठ बसला आहात, एक रेघ हललेली नाही, साडीच्या पिनेचं टोकसुद्धा दिसतं. तेराव्याला आलेले सगळे म्हणाले, किती स्पष्ट आलाय. मामा त्याच्यासमोर बराच वेळ हात जोडून बसले होते. मला त्याच्याकडे बघवत नाही, वन्सं. तो वाळलेल्या खड्याचा फोटो आहे.

काल अण्णांना त्या फोटोचे पैसे द्यायला गेले तेव्हा त्यांनी खालच्या खणातून एक जुनं पाकीट काढलं. "ह्ये त्येंच्या बोटाचं ऱ्हायलं हुतं न्ह्यायचं." दोन फोटो होते. दोऱ्याचा त्यांनी बाजूला ठेवला. दुसरा खिडकीपाशी उजेडात धरला. त्यात काहीच नाही, नुसतं मऊ करडं, एकही दाणा नाही. अण्णांनी सवयीने मान हलवली. "बाई, ह्यो हललाय," म्हणाले, आणि थांबले. मग चष्मा वर करून मला विचारलं, "म्हंजी जिता हाय न्हवं?"

हालचाल म्हणजे जीव नव्हे, हे मी तुमच्याशी किती भांडले. माझ्याकडे पंखा होता, ओला दगड होता, न उगवलेला डोळा होता. आजही वर्गात मुलींना मी तेच शिकवीन, आणि ते बरोबरच आहे. पण तो फोटो मी दोन्ही हातांनी घेतला.

"व्हय, अण्णा," मी म्हटलं. "जिता हाय."